एका बाजूचे धागे

मला भीती वाटते. जन्मभर डोळ्यांची ऑपरेशनं केलेल्या बाईनं हे दिवाळी अंकात छापून सांगावं का, असं माझ्या मुलीनं विचारलं. "आई, तुझे पेशंट वाचतील ना," म्हणाली. वाचू देत. ज्यांचे डोळे मी बरे केले ते वाचतील, आणि ज्यांचे अजून करायचेत त्यांना एवढी बारीक अक्षरं दिसणारच नाहीत.

हल्ली मोतीबिंदूचं ऑपरेशन म्हणजे लोकांना केस कापण्याइतकं सोपं वाटतं. सकाळी जायचं, दुपारी घरी येऊन वरणभात खायचा आणि संध्याकाळी काळा चष्मा लावून गल्लीत मिरवायचं. बहुतेकांचं तसंच होतंही. मी लिहिते आहे ती उरलेल्यांबद्दल. माझ्या लातूरच्या दवाखान्यात ऑपरेशनच्या दिवशी असा एखादा डोळा वाट बघत असला, की माझा सकाळचा चहा टेबलावर तसाच गार होतो. सुमन सिस्टरला हे ठाऊक आहे. ती कप उचलून नेते.

आधी थोडं समजावून सांगते, म्हणजे माझी भीती तुम्हालाही नीट वाटेल. बाहुलीच्या मागे एक भिंग असतं, चांगल्या टपोऱ्या हरभऱ्याएवढं. ते एका पातळ, पारदर्शक पिशवीत बसलेलं असतं. आणि ती पिशवी डोळ्यात अधांतरी असते, चारी बाजूंनी बारीक बारीक धाग्यांनी ताणून धरलेली. बाजेच्या लाकडी चौकटीत सुंभ विणलेलं असतं ना, तसं समजा. भिंग गढूळ झालं की त्याला मोतीबिंदू म्हणायचं. आम्ही पिशवीला पुढून एक गोल खिडकी पाडतो, आतलं गढूळ भिंग फोडून ओढून घेतो आणि त्याच पिशवीत नवं भिंग ठेवतो. म्हणजे सगळी मदार पिशवीवर, आणि पिशवीची मदार धाग्यांवर. ते धागे कच्चे असले तर उसवलेल्या बाजेवर बसण्यासारखं होतं. भिंग पिशवीसकट मागे कलंडतं. मागे डोळ्याच्या पोकळीत चिकट, पातळ असा रस असतो. त्यात ते बुडालं की आमच्यासारख्यांच्या हातात काही राहत नाही.

हे मी पहिल्यांदा पाहिलं ते नांदेडला. मी तेव्हा नुकती शिकून बाहेर पडले होते आणि एका मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली काम करत होते. सगळे त्यांना सर म्हणत. सरांचा हात म्हणजे हात होता. ते ऑपरेशन करताना पेशंटशी पिकापाण्याच्या गप्पा मारत. त्या दिवशी टेबलावर हिमायतनगरकडच्या एक आजी होत्या. डोळा इंजेक्शननं बधिर करतात, पण माणूस जागाच असतो. तोंडावर हिरवं कापड, त्याला डोळ्यापुरतं भोक, आणि कापडाखालून आजींची टकळी चालू. म्हैस आटली, सून दूध पाणी घालून विकते, असं काहीबाही. मी दुसऱ्या दुर्बिणीतून बघत होते. सरांनी भिंग जरासं फिरवलं आणि ते एका बाजूनं खाली झुकलं. मग हळूच सुटलं. मी ते खाली खाली जाताना पाहिलं. लाल उजेडात एक काळसर ठिपका लहान होत गेला आणि मग तिथं काहीच नव्हतं.

कापडाखालून आजी म्हणाल्या, "झालं का डाक्टर?"

सरांनी हत्यारं खाली ठेवली. "आजचं झालं आजी," म्हणाले. आजींना पुढे हैदराबादला पाठवलं. तिथं ते भिंग काढलं, पण नजर म्हणावी तशी आली नाही. चूक कुणाचीच नव्हती, आजींचे धागेच कुजलेले होते. पण सर त्या दिवशी बेसिनपाशी इतका वेळ हात धूत उभे होते, की मला नळ बंद करावा लागला. त्यांची टकळी नंतर पूर्वीसारखी चालली नाही. माझी तर कधी सुरूच झाली नाही. मी ऑपरेशन करताना गप्प असते. त्यामुळे बाई फार खडूस आहे असा माझा लौकिक आहे आणि तो मी मोडून काढलेला नाही.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. लातूरला स्वतःचा दवाखाना थाटल्यावर मी एक शिस्त लावून घेतली. सगळीकडे पेशंट आला की आधी त्याच्या डोळ्यात बाहुली मोठी करणारं औषध घालतात आणि मग तो डॉक्टरपुढे येतो. त्यानं रांग भराभर सरकते. पण त्या औषधानं सैल धागेसुद्धा जरासे ताणले जातात आणि लबाड डोळा शहाण्यासारखा वागतो. म्हणून मी प्रत्येकाला औषधाआधी बघते. "इकडे बघा, तिकडे बघा, आता समोर," म्हणते. नजर थांबली की भिंगही थांबलं पाहिजे. कच्च्या धाग्यांचं भिंग थांबल्यावर एकदा थरथरतं. इतकंसं, पापणी लवली तर चुकेल असं.

महेबूबसाबचं भिंग थरथरलं.

महेबूबसाब मुरुडचे पिंजारी. गाद्या आणि रजया भरणारं हे घराणं तिथं पिढ्यान्‌पिढ्या आहे. आता मुलांनी कापूस पिंजायचं मशीन आणलंय, पण महेबूबसाब आणि त्यांचे थोरले भाऊ इमामसाब यांची उमर खांद्यावर पिंजण घेऊन दारोदार फिरण्यात गेली. पिंजण म्हणजे पुरुषभर लांबीची लाकडी कमान, तिला आतड्याची ताठ तांत चढवलेली. तांतीवर लाकडी दस्ता मारायचा, ती कापसात थरारते आणि कापूस फुलतो. थंडीच्या तोंडाला तो धुंई धुंई आवाज गल्लीत आला की आमच्या आया माळ्यावरच्या गाद्या खाली काढायच्या.

महेबूबसाबचा उजवा डोळा काचबिंदूनं कधीच गेला होता. काचबिंदू हा चोर आहे, घर साफ होईस्तोवर कळत नाही. उरलेल्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकून तपकिरी झालेला. समोर धरलेली बोटं तेवढी मोजता यायची. तशात घरातल्या मशीनच्या पट्ट्याजवळ ते चाचपडत गेले, थोडक्यात हात वाचला आणि मुलांनी हट्टच धरला. म्हणून इमामसाब त्यांना दंडाला धरून घेऊन आले. थोरला वाळकुडा, शिसवी, सारखा दाढीवरून हात फिरवणारा. धाकटा धिप्पाड आणि मुका वाटावा इतका गप्प.

"या डोळ्याला कधी मार लागला होता का?" मी विचारलं. हा प्रश्न फार मोलाचा असतो. मारानं धागे तुटलेले असले तर ते एका बाजूचे तुटतात, बाकीचे धड असतात. मग पिशवीच्या आत एक बारीक वर्तुळाकार रिंग बसवता येते. ती पिशवीला आतून ताणून धरते आणि धड बाजू सैल बाजूचा भार उचलते. पण रोगानं धागे कुजलेले असतील तर ते सगळीकडून कुजतात. तिथं रिंग कशाच्या जोरावर उभी राहणार? मग डोळ्याला मोठं तोंड पाडून भिंग पिशवीसकट बाहेर काढायचं आणि नवं भिंग दुसऱ्याच कशाला तरी अडकवायचं. यात धोका पुष्कळ, आणि हा त्या माणसाचा एकुलता डोळा होता.

"मार? न्हाई, न्हाई," इमामसाब म्हणाले. "कधीच न्हाई."

"महेबूबसाब, तुम्ही सांगा."

महेबूबसाबनी मान थोरल्याच्या दिशेला वळवली. "भाईजान म्हनतेत ते बरोबर हाय," म्हणाले.

आमच्याकडे ही एक रीतच आहे. पेशंट स्टुलावर बसतो आणि नातेवाईक बोलतो. बाईच्या पोटात दुखतं आणि किती दुखतं ते नवरा सांगतो. त्यात हे दोघे जुन्या वळणाचे. थोरल्यासमोर धाकट्यानं खुर्चीवर बसायचं नाही, तोंड उघडायचं नाही. महेबूबसाब तपासणीच्या स्टुलावर बसले तेसुद्धा भाऊ "बैठ" म्हणाल्यावर. मी आणखी दोनदा तोच प्रश्न फिरवून विचारला. दोन्ही वेळा उत्तर दाढीच्या बाजूनं आलं आणि जरा जास्तच लवकर आलं.

धागे कुजवणारा रोग बाहुलीच्या कडेला पांढरा कोंडा सोडतो, त्यासाठी कड बारकाईनं पाहिली. कोंडा ठामपणे दिसला नाही, पण बाहुली इतकी आखडलेली होती की नाही असंही म्हणवेना. म्हणजे मार की रोग, हे कळायला मार्ग नव्हता. मी दोघांना समोर बसवून सगळं सांगितलं. भिंगाचे धागे कच्चे आहेत. ऑपरेशन करता येईल, पण भिंग मागे पडू शकतं. पडलं तर आज दिसतंय तेवढंही कदाचित राहणार नाही. हैदराबादला जायचं असेल तर चिठ्ठी देते.

"तिथं पक्कं होतंय का?" इमामसाबनी विचारलं.

"पक्कं कुणीच सांगणार नाही."

"मग ऱ्हाऊ द्या की, डॉक्टरीणबाई. बोटं दिसून ऱ्हायलीत त्याला. मी हाय ना धरायला."

तेव्हा महेबूबसाबनी पहिल्यांदा आपणहून काहीतरी केलं. चाचपडत भावाची बाही धरली आणि हळूच म्हणाले, "इथंच करू, भाईजान." इमामसाबचा चेहरा असा उतरला की मला वाटलं, म्हातारा धाकट्याच्या डोळ्यासाठी घाबरलाय. तेवढं खरंच होतं. पण तेवढंच नव्हतं, ते मला नंतर समजलं.

ऑपरेशनच्या दिवशी माझा चहा अर्थातच गार झाला. सुमन सिस्टरनं दोन्ही तयाऱ्या मांडून ठेवल्या होत्या. एका बाजूला रिंग आणि पिशवीची कड धरायचे बारीक हुक. दुसऱ्या बाजूला सगळं काढायची वेळ आली तर लागणारं सामान, दुसरं भिंग, टाके. इमामसाब दारापर्यंत आले. महेबूबसाबचा दंड सोडताना त्यांनी काहीतरी पुटपुटून भावावर फुंकर घातली आणि ते बाहेरच्या बाकावर जाऊन बसले.

पहिली परीक्षा सुईची. पिशवीच्या पडद्याला खिडकी पाडण्यासाठी मध्यावर सुई टोचायची. धागे घट्ट असले की पडदा नगाऱ्यासारखा ताणलेला असतो आणि सुई टेकताच फुटतो. मी सुई टेकवली. पडदा फुटला नाही. त्याला सुरकुत्या पडल्या, मधल्या ठिकाणापासून पार कडेपर्यंत, आणि सुईच्या मागे आख्खं भिंग सरकलं.

लोकांना वाटतं सर्जन घाबरला की हात कापतो. माझा हात कापत नाही. माझी पोटरी कापते, आणि त्याच पायाखाली भिंग फोडणाऱ्या मशीनचं पॅडल असतं. मी पाय उचलून घेतला. नांदेडचा तो लहान लहान होत जाणारा ठिपका डोळ्यापुढे आला. सुमन सिस्टर माझ्या हाताकडे बघत होती. दोन्ही तयाऱ्यांपैकी मी काय मागते याची ती वाट बघत होती आणि मला ठरवता येत नव्हतं. सुरकुत्या सगळीकडून सारख्या होत्या की एकीकडे जास्त, हे त्या आखडलेल्या बाहुलीतून दिसत नव्हतं. रिंग घालायला गेले आणि धागे सगळीकडूनच कुजलेले निघाले, तर त्या धक्क्यानंच भिंग तळाला जाणार. सगळं काढायला गेले आणि धागे फक्त एका बाजूचे गेलेले असले, तर एका धडधाकट पिशवीचा मी उगीच सत्यानाश करणार. चुकीला जागाच नव्हती, कारण दुसरा डोळा नव्हता.

ऑपरेशनच्या मध्यात पेशंटला बोलतं करू नये, हा नियम मी स्वतःच माझ्या हाताखालच्यांना शिकवत आले आहे. बोललं की डोकं हलतं. मी सगळी हत्यारं डोळ्याबाहेर काढली आणि नियम मोडला.

"महेबूबसाब, ऐकू येतंय?"

"हाव," कापडाखालून आवाज आला.

"मान अजिबात हलवू नका. नुसतं हळू बोला. या डोळ्याला कधी काही लागलं होतं का? खरं सांगा."

त्यांचा श्वास कापडाला वर-खाली करत होता.

"भाईजान हायत का हितं?"

"नाहीत. ते बाहेर आहेत."

"दरवाजा बंद हाय?"

"बंद आहे."

"मग सांगतो," महेबूबसाब म्हणाले. "तांत लागली होती. पिंजणीची. जवानीत. पिंजता पिंजता तुटली आन् उलटून आली."

"कुठल्या बाजूनं?"

"कानाकडनं. खालनं वर आली."

"बाकी कुठून?"

"न्हाई. तेवढाच एक फटका. लई दिवस लाल होता. मंग बरा झाला."

मला एकदम त्या माणसाचा राग आला. तीनदा विचारलं होतं. "मग आधी का नाही सांगितलं?" मी विचारलं, आणि माझा आवाज चढला होता हे सिस्टरच्या भुवयांवरून मला कळलं.

"तांत भाईजाननी चढवली होती ना," ते म्हणाले. "आमच्यात तांत थोरल्यानं चढवायची. धाकट्यानं ती वढून बघायची न्हाई. बघितली म्हंजी थोरल्याच्या हातावर भरोसा न्हाई असं होतंय. म्या नव्हती बघितली. भाईजान पानी प्यायला गेलते. आले तर म्या म्हनलं, डोळ्यात कपास गेली. आजवर तेच म्हनून ऱ्हायलो." मग म्हणाले, "त्यांना सांगू नका, डॉक्टरीणबाई. त्यांना कळलं तर ह्या उमरीत सहन व्हायचं न्हाई."

"नाही सांगणार. आता एक शब्द बोलू नका."

कानाकडून आणि खालून. म्हणजे डाव्या डोळ्याची बाहेरची, खालची बाजू. हुकांनी बाहुली त्या बाजूला ओढून बघितलं. तिथं पिशवीची कड मोकळी होती, खालच्या बाहेरच्या कोपऱ्यापुरती. त्याच्या दोन्ही बाजूंना धागे पुन्हा सुरू होत होते. कुजलेले वाटत नव्हते.

"रिंग," मी म्हणाले. सिस्टरनं दुसरी तयारी नुसत्या कोपरानं मागे सरकवली.

भीती संपली असं कुणाला वाटेल. ती संपत नाही, फक्त तिला काम मिळतं. मी खिडकी लहान आणि गोल पाडली. सैल बाजूच्या कडेला हुक लावून पिशवी बाहेरून टांगून धरली. डोळ्यात जाणाऱ्या पाण्याचा जोर कमी व्हावा म्हणून वर टांगलेली बाटली खाली उतरवायला लावली, मशीनची ओढ कमी केली. नेहमीचं काम असतं त्याच्या कितीतरी पट हळू चाललं होतं. भिंग मागे ढकललं जाऊ नये म्हणून ते फिरवायचं झालं तरी दोन हातांनी, दोन्हीकडून सारखं. एकेक तुकडा निघत होता आणि प्रत्येक तुकड्याबरोबर पिशवीचा मागचा पडदा किंचित माझ्याकडे यायचा. एकदा तो जास्तच आला. त्या वेळी मशीनचा आवाज बंद पडल्यासारखा मला वाटला. मशीन चालूच होतं, मलाच ऐकू येत नव्हतं. मी हत्यार हलवलं नाही, आधी आत दाट जेली भरून घेतली, पडदा मागे गेला आणि मग मी श्वास सोडला.

शेवटी रिंग. ती पिशवीत सरकवताना दोन्ही हात आणि मन एका ठिकाणी लागतं. कुठल्या बाजूनं सरकवायची हे सैल बाजू कुठली यावर ठरतं, आणि ते मला आता ठाऊक होतं. रिंग आत उलगडली. उसवलेला कोपरा बाहेरच्या बाजूला हळूच ताणला गेला आणि पिशवी गोल झाली. ती गोल होताना बघणं यासारखं सुख मला जगात दुसरं माहीत नाही. नवं भिंग आत बसलं. मी खुर्ची मागे सरकवली.

"झालं," मी कापडाखाली सांगितलं. उत्तर आलं नाही. एक शब्द बोलू नका म्हटलं होतं, ते त्यांनी अक्षरशः पाळलं.

रात्री त्यांना दवाखान्यातच ठेवलं. सकाळी पट्टी काढली. डोळा शांत होता, नवं भिंग मध्यावर होतं. मी इकडे-तिकडे बघायला लावलं, ते थरथरलं नाही. महेबूबसाबनी समोरच्या भिंतीवरच्या तक्त्याची बरीच अक्षरं वाचली. मग खोलीभर नजर फिरवली. "भाईजान कुठं हायत?"

भाईजान बाहेर त्याच बाकावर होते. आत या म्हणून निरोप गेला होता, तरी उठले नव्हते. मी थेंबांची बाटली हातात घेऊनच बाहेर गेले. थेंब कसे घालायचे ते सांगायचं होतं.

"छान झालं, इमामसाब. दिसतंय त्यांना."

"आत काय निघालं?" त्यांनी विचारलं.

"एका बाजूचे धागे तुटलेले होते. आधार दिलाय."

"एकाच बाजूचे?"

"हो."

"कशानं?"

मी थाप मारली. डॉक्टरांना थापा मारायची सवय असते, पण ती बरी साधली नाही. "वयानं होतं असं कधी कधी," मी म्हणाले. इमामसाबनी दाढीवरचा हात खाली घेतला. माझ्याकडे बघून हसल्यासारखं केलं.

"त्यानं सांगितलं न्हाई म्हना," ते म्हणाले. "न्हाईच सांगायचा तो. तांत लागली होती त्याला, डॉक्टरीणबाई. म्या चढवलेली. झिजल्याली होती, दिसत होतं मला. नवी घरात होती. म्हनलं एक गादी तर ऱ्हायली, निघल यावर. पानी पिऊन आलो तर तांत तुटून पडल्याली, आन् हा डोळा धरून बसलाय. म्हनतोय, कपास गेली. म्या बी म्हनलं, कपास गेली असंल. तुम्ही इचारलं तवा पुन्हा तेच म्हनलं. तोंडातून निघंनाच."

एकाला शब्द दिलेला, दुसरा समोर कबुली देऊन बसलेला, आणि मी दोघांच्या मधल्या दारात थेंबांची बाटली घेऊन उभी. मी म्हणाले, "चला आत. ते विचारतायत तुम्हाला."

"त्याला आता दिसतंय ना," इमामसाब म्हणाले. "इतके दिस दिसत नव्हतं, म्हनून त्याच्यासमोर बसत होतो. आता कसा जाऊ?"

मला त्या सकाळी आणखी पेशंट होते, रात्रभर झोप नव्हती आणि मला राग आला. इमामसाबवर आला की मघाच्या माझ्याच थापेवर, ते सांगता येत नाही. "हे बघा," मी म्हणाले, "त्यांच्या डोळ्यात रोज थेंब घालायचेत, आणि ते काम तुमचं आहे. दारात बसून थेंब घालता येत नाहीत." बाटली त्यांच्या हातात कोंबली. ते उठले. दाराच्या पडद्यापाशी एकदा थांबले आणि आत गेले.

मी मागोमाग जायला हवं होतं. किती थेंब, किती वेळा, हात कसे धुवायचे, सगळं सांगायचं राहिलं होतं. मी पडद्याच्या अलीकडेच थांबले. लोकांच्या डोळ्यात शिरायला मी कधी कचरले नाही, पण त्या खोलीत पाऊल टाकायची माझी छाती झाली नाही.

आतून महेबूबसाबचा आवाज आला, घरच्या बोलीत. "भाईजान, दाढी पूरी सफेद हो गई तुमारी."

स्टूल सरकल्याचा आवाज आला.

"तांत पुरानी थी रे, महेबूब," इमामसाब म्हणाले.

"हौ," महेबूबसाब म्हणाले. "मेरेकू मालूम था."